ओल आली की पेटणारी वाकळ

"एलईडीवाल्यांनी आमचो दर्या खाल्ल्यानी, आणि तू माका एलईडी शिवूक शिकवतंस गो?"

मावशी हे हसतच बोलली, भांडायचा वगैरे सूर अजिबात नव्हता, पण शाळेच्या त्या खोलीत एकच हशा पिकला आणि जिला उद्देशून बोलली ती मुलगी मात्र चिमटीत बारीकसा दिवा धरून आमच्या तोंडांकडे बघत राहिली. शब्द तिला कळले होते, मालवणी काही इतकी अवघड नाही, पण त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नव्हतं. मग चहाच्या वेळी बाहेर व्हरांड्यात मी तिला सगळं समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता माझंच कुठेतरी अडकलं. म्हणजे मी तिला मावशीची बाजू सांगत होते की तिची बाजू मावशीला कशी सांगायची त्याची तयारी करत होते, माझं मलाच कळेना. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलंय ते काही हलायला तयार नाही.

तर ही मुलगी पुण्याची. आधी टेक्स्टाईल शिकली, मग परदेशात जाऊन कापडात इलेक्ट्रॉनिक्स घालायचं शिकून आली आणि आता आर्टिस्ट म्हणवते (म्हणवते म्हणजे आहेच, मी कोण ठरवणार). आमच्या बाजूला ती जुनी लुगडी गोळा करायला आली होती आणि त्या बदल्यात बचत गटाच्या बायकांना दोन-चार गोष्टी शिकवणार होती. मला बोलावलं कारण मी कुडाळला नोकरी करते, माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचं, आणि "तुका दोनीकडचा बोलूक येता" असं वहिनीचं म्हणणं. जुलै महिना, बंदी चालू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, पुरुषमंडळी पडवीत जाळी शिवत बसतात आणि बायकांना जरा सवड असते, म्हणजे सवड असते असं बाकीच्यांना वाटतं. बाहेर पाऊस असा की समोरचा माड दिसू नये, खोलीत ओल्या छत्र्यांचा आणि सुक्या बांगड्यांचा मिळून एक वास, बाकांवर रंगीत कपड्याचे चौकोन, आणि मधोमध एका डब्यात तिचं ते सूत.

सुताबद्दल सांगायलाच हवं. दिसायला राखाडी, हातात घेतलं तर नायलॉनसारखंच, फक्त किंचित थंड आणि जड लागतं. नायलॉनवर चांदीचा मुलामा असतो त्यामुळे त्यातून करंट जातो. त्याच सुताने कपड्यावर साधा धावदोरा घालत जायचं, एका टोकाला बटणासारखा तीन व्होल्टचा सेल, दुसऱ्या टोकाला एलईडी, आणि परतीचा दोरा वेगळा. जाणारा आणि येणारा दोरा एकमेकांना कुठेही शिवता कामा नये, शिवले की शॉर्ट. ऐकायला सोपं आहे. पण उलट्या बाजूला आपण गाठी मारतो, दोऱ्याची शेपटं सोडतो, ती शेपटं एकमेकांत जातात आणि दिवा लागत नाही, आणि का लागत नाही ते वरून काही दिसत नाही. बायकांनी कपडा उलटा केला आणि खालची शेपटं बघून एकमेकींना टोमणे मारायला सुरुवात केली, "उलट्या बाजून शिवण बघूची, सून कळता". ह्या सुताची अजून एक खोड म्हणजे गाठ टिकत नाही. सूत स्प्रिंगसारखं उसळतं, साधी गाठ मारली की थोड्या वेळात आपली आपण सुटते. मुलीने नेलपॉलिशची बाटली काढली, म्हणाली गाठीवर एक थेंब टाका, सगळं जग असंच करतं. मावशीने बाटलीकडे बघितलं, सुताचं टोक तोंडात धरलं, दोन बोटांवरून फिरवून जाळ्याची गाठ मारली आणि ओढून दाखवली. हलेना. नायलॉनचं जाळं आलं तेव्हा पण हीच भानगड होती म्हणे, सुती जाळ्याची गाठ नायलॉनवर घसरायची, तेव्हा गाठीला एक वेढा जास्त द्यायला लागले. मुलगी खरंच खूष झाली, फोन काढून त्या हाताचा व्हिडिओ घेतला. आणि बरोबर त्याच वेळी मावशीने समोरचा दिवा उचलून विचारलं, ह्येका काय म्हणतत? मुलीने सांगितलं, एलईडी.

पुढचं वर आलंच आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी थोडक्यात सांगते. रात्री बोटीवर जनरेटर लावून पाण्यावर आणि पाण्यात प्रखर दिवे सोडायचे, उजेडाला मासळी गोळा होते, मग तिच्याभोवती पर्ससीनचं जाळं फिरवायचं आणि खालची दोरी बटव्याची नाडी ओढावी तशी ओढून घ्यायची. आत जे असेल ते सगळं वर येतं, मोठं, बारीक, अंड्यावर असलेलं. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिवे लावून मासेमारीला बंदी घातली, त्याच्या आधी २०१६ ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, आणि तरी हंगामात रात्री आमच्या गच्चीवरून बघितलं तर क्षितिजावर एक अख्खं शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. माझी पुतणी लहान असताना विचारायची, तिथे कुठलं गाव आहे? काय सांगणार. ह्याच्या दुसऱ्या टोकाला रापण. होडीतून जाळं अर्धगोल टाकत यायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी दोर ओढायचे, ज्याने ओढलं त्याला वाटा. लहानपणी आम्ही पण दोराला हात लावायचो, ताकद काय असणार, पण परत येताना हातात पेडवे किंवा दोन-चार बांगडे मिळायचेच आणि दोराच्या काथ्याने तळहात लाल झालेले असायचे. आता रापण लागते तेव्हा बघायला पर्यटक जास्त आणि जाळ्यात मासळी कमी, आणि ते पर्यटक पण दोराला हात लावून फोटो काढतात. असो.

त्यामुळे मालवणच्या मावशीसाठी एलईडी हे कुठल्या वस्तूचं नाव उरलेलंच नाही, ती एक पार्टी आहे. एलईडीवाले. आणि ती पुण्याची मुलगी त्यांचाच एक बारीक तुकडा हातात देऊन सांगत होती की बघा, तंत्रज्ञान किती मऊ असू शकतं.

मला त्या मुलीची बाजू पण खरंच पटते, इथेच तर घोळ आहे. तिने रात्री लॅपटॉपवर मला काय काय दाखवलं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाला इरेने पॉश आणि एब्रू कुर्बाक ह्या दोघींनी २०१८ मध्ये भरतकामातून कॉम्प्युटर केला, चालणारा, आठ बिटचा. सोनेरी तारेची वेटोळी कापडावर भरलेली, प्रत्येक वेटोळ्याच्या मध्ये चुंबकी मणी, करंट गेला की मणी उलटतो आणि पुढचा रस्ता उघडतो किंवा बंद होतो, बस, तेवढंच. लांबून बघितलं तर लग्नातल्या शालूवरच्या जरदोजीसारखं दिसतं. आपल्या फोनमध्ये अब्जावधी वेळा घडतं तेच काम, इथे एकेक मणी कूस बदलताना डोळ्याला दिसतं. मी तो व्हिडिओ परत परत बघितला. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम करतेय, आत नेमकं काय होतं ते मला पहिल्यांदा एका मण्याने सांगितलं. मग तिने लिलीपॅड दाखवला, लीआ ब्यूकली नावाच्या बाईने बनवलेला, २००७ मध्ये बाजारात आला, जांभळा गोल इलेक्ट्रॉनिक बोर्ड, कडेला पाकळ्या आणि पाकळ्यांना भोकं, म्हणजे सोल्डरिंगच्या ऐवजी सुईने कपड्यावर शिवता यावा. मुलगी म्हणाली, भोकं केली आणि बायका आल्या. आर्डुइनोच्या साध्या बोर्डावर काम करणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि ह्या शिवायच्या बोर्डावर बायका जास्त. आत काम करणारी चिप त्याच जातीची, बदललं ते फक्त दार. हे मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

मग अपेक्षेप्रमाणे जॅकार्ड आलाच. हा विषय निघाला की जॅकार्ड येतोच, गणपतीच्या आरतीत घालीन लोटांगण येतं तसा नेमाने. १८०४ चा फ्रान्समधला माग, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा, भोक असेल तिथे एक धागा उचलायचा, नसेल तिथे नाही, आणि त्याच पुठ्ठ्यांवरून पुढे इंग्रज गणिती बॅबेजला त्याच्या हिशोब करणाऱ्या यंत्राची कल्पना. जॅकार्डचं स्वतःचं रेशमात विणलेलं चित्र होतं, १८३९ चं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले आणि त्याची एक प्रत बॅबेजने घरी ठेवली होती. गोष्ट छान आहे पण ती नेहमी अशी सांगतात की जणू मागाने एक दिवस हसत हसत कॉम्प्युटरला जन्म दिला आणि पेढे वाटले. तिथल्या ल्यों शहरातल्या विणकरांना हा माग डोळ्यासमोर नको होता, कारण वर बसून धागे ओढणाऱ्या पोराचं काम तो खाणार होता.

आणि गिरणीच्या घरात वाढलेल्या माणसाला ती गोष्ट अशी पेढे वाटून ऐकता येत नाही. माझे आजोबा मुंबईला गिरणीत, साचेखात्यात (साचा म्हणजे माग). आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरातला बाप्या गिरणीतच होता, रत्नागिरी जिल्ह्याची तेव्हा ती रीतच, सिंधुदुर्ग पण त्यातच होता. ते आम्हाला कधी कापडाबद्दल बोललेले आठवत नाहीत, डिझाइनबद्दल तर नाहीच, ते साच्यांच्या आकड्याबद्दल बोलायचे. एका माणसाने किती साचे बघायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळेला दोन साचे असायचे, त्याचे तीन-चार करायला मालक निघाले म्हणून १९२८ ला मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या, हे सगळं ते आजीच्या डोक्यावरून कुणाला तरी सांगत असायचे आणि आजी चुलीपुढे "पुरे" म्हणायची. यंत्र चांगलं की वाईट असा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही. यंत्राची चाकं त्यांना आवडायची, त्यांच्या बोलण्यातच कळायचं, नवीन साचा कसा गप्प चालतो ते सांगताना आवाज बदलायचा. प्रश्न एवढाच असायचा की तो आला की माझ्या वाट्याला काय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आजोबा ट्रंक घेऊन गावी आले, थोड्या दिवसांसाठी म्हणून. ट्रंक मग आमच्या माळ्यावरच राहिली. कानाने ते जवळजवळ बहिरे होते, साचेखात्यातल्या खडखडाटाने, त्यामुळे सगळ्या घराला मोठ्याने बोलायची सवय लागली ती अजून आहे.

आत्या मात्र मुंबईतच राहिली. ती एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉईल गुंडाळायची. सुट्टीत आली की मी तिचे हात बघायचे, अंगठ्याच्या आतल्या बाजूला एक खाच पडलेली होती, तांब्याची इनॅमलवाली तार सतत तिथून सरकवून सरकवून. तार केसाएवढी, ताण जास्त झाला तर तुटते, कमी झाला तर वेढे सैल बसतात, आणि आकडा चुकला की सगळं परत उलगडायचं. ती सांगायची की मालक म्हणतो बायकांची बोटं नाजूक, म्हणून हे काम बायकांनाच. नाजूक बोटांचा पगार पण नाजूक, हे वाक्य तिचंच. तिच्या ओळीत पंधरा-वीस जणी, अर्ध्याअधिक कोकणातल्या, डोक्यावर ट्यूब, गप्पा बंद कारण मोजणी चुकते. तिला जर कुणी तेव्हा सांगितलं असतं की तू करतेस त्याला क्राफ्ट म्हणतात, तर तिने काय उत्तर दिलं असतं मला चांगलं माहितेय पण इथे लिहिता येत नाही.

आणि ही नाजूक बोटांची भाषा सगळीकडे एकच दिसते. अपोलो यान चंद्रावर गेलं त्याच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायकांनी अक्षरशः विणला होता. बारीक चुंबकी कड्या, कडीच्या आतून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य, असे हजारो शब्द हाताने ओवायचे. त्यातल्या कितीतरी जणी आधी कापडगिरण्यांत आणि घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या. इंजिनियर लोक त्या मेमरीला गमतीने 'म्हाताऱ्या बायकांची मेमरी' म्हणायचे. मग फेअरचाइल्ड ह्या चिपवाल्या कंपनीचा अमेरिकेत न्यू मेक्सिकोतला शिपरॉकचा कारखाना, १९६५ ते १९७५, तिथे नवाहो ह्या आदिवासी जमातीतल्या बायका चिप जोडायच्या आणि कंपनीने १९६९ च्या माहितीपुस्तिकेत त्यांच्या गालिच्याची नक्षी चिपच्या नक्षीशेजारी छापली होती, की बघा ह्यांना हे जन्मजातच येतं. जन्मजात येतं म्हटलं की शिकायला लागलेल्या वर्षांचे पैसे द्यावे लागत नाहीत ना. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९४ ला, मॅरिलू शुल्ट्झ नावाच्या नवाहो विणकर बाईने पेंटियम चिपचा नकाशा लोकरीत, मागावर, हाताने विणला. तिला ते काम ही चिप बनवणाऱ्या इंटेलनेच दिलं होतं. मुलीने तो फोटो मोठा करून दाखवला. मी त्याच्याकडे बघत होते तेव्हा मला अभिमान वाटला, आणि लगेच वाटलं की चिप जोडणाऱ्या त्या शेकडो बायकांचं काय भिंतीवर लागलं. दोन्ही वाटलं, एकामागोमाग, आणि दोन्ही अजून तसंच आहे.

आता तिची स्वतःची वाकळ.

ती आमच्या पडवीत टांगली होती, कारण शाळेच्या खोलीचं छत गळत होतं. जुन्या लुगड्यांचे थर, वरून घट्ट धावदोरा, अगदी आपण करतो तशीच, फक्त त्या धावदोऱ्यात पांढऱ्याबरोबर मध्येमध्ये चांदीचं सूत, दोन दोन ओळी शेजारी शेजारी, एकमेकींना न शिवता जाणाऱ्या. मधलं कापड कोरडं असेल तोवर करंट जात नाही. कापडाला ओल लागली की त्या ओलीतून अगदी थोडा करंट पलीकडच्या सुतात जातो, तेवढ्यावर एक छोटासा ट्रान्झिस्टर, म्हणजे करंटचा स्विच, उघडतो आणि वाकळीच्या कडेचे दिवे लागतात. पुण्यात प्रदर्शनात लोक जवळ जाऊन त्यावर श्वास सोडायचे, ओला हात ठेवायचे आणि मग त्या जागी उजेड यायचा. घाम, अश्रू, बाळाने ओली केलेली गोधडी, असं सगळं तिच्या मनात होतं. कल्पना सुंदर आहे, मला तर ऐकूनच गलबलून आलं. पण आमच्या पडवीत तिने सेल घातला आणि वाकळ पेटली ती पेटलीच. सगळे दिवे, एकदम, कुणी हातही लावला नव्हता. कोकणात जुलैत कोरडं काय असतं? मीठ सुद्धा डब्यात पाणी सोडतं. आणि इथली हवा नुसती ओली नाही, खारी आहे, खाऱ्या ओलीतून करंट जास्तच चांगला जातो. रात्रभरात सेल संपला. दुसऱ्या दिवशी तिने रेझिस्टर बदलून बघितले, संवेदना कमी केली, तरी संध्याकाळी वारा समुद्राकडून फिरला की हळूहळू एकेक दिवा लागायचाच. शेजारचे आबा येऊन बघून गेले, म्हणाले, "ही बंद खयसून होता?" बंद होण्याची सोयच नव्हती. वहिनीने वाकळ चुलीवरच्या दोरीवर टाकायला सांगितली, आम्ही कपडे तसेच वाळवतो. टाकली, विझली, धुराचा वास घेऊन परत पडवीत आली आणि तासाभरात परत पेटली. चांदीचं सूत पण काळवंडायला लागलं होतं, इथे पैंजण काळे पडतात त्याला किती वेळ लागतो. मुलगी आधी वैतागली होती, मग तिने त्या लागणाऱ्या-विझणाऱ्या दिव्यांच्या वेळा वहीत लिहायला सुरुवात केली, भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा, वगैरे. मला वाटतं तिचं खरं काम तिथे सुरू झालं. पुण्यात ती वाकळ माणसांबद्दल बोलत होती, इथे ती हवेबद्दल बोलायला लागली. हवा कुणाचं ऐकत नाही.

इथे एक सांगते, मला हाताच्या कामाचे गोडवे गायला आवडत नाही. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद, विहिरीवर रहाटाने पाणी, आणि कुणीतरी मुंबईहून नंतर म्हणालं की किती छान ना, जुने दिवस परत. त्याला रहाट ओढायला द्यायला हवा होता. मावशीला पण जुन्या सुती जाळ्यांबद्दल विचारलं तर ती नाक मुरडते. सुती जाळं दर वेळी वाळवायचं, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं, नाहीतर कुजतं, त्या काढ्याने हात महिनोन्महिने तांबडे. नायलॉन आलं तेव्हा ती खूष झाली होती. तिच्या मुलाच्या होडीवर जीपीएस आहे, मासळीचा भाव व्हॉट्सअॅपवर येतो आणि बंदीत जाळं शिवताना ती कानात इअरफोन घालून भजनं ऐकते. तेव्हा तिचं ते वाक्य यंत्राविरुद्ध होतं असं कुणी समजू नये, आणि मुलीने पहिल्यांदा तेच समजून घेतलं होतं, पारंपरिक विरुद्ध आधुनिक वगैरे. मी व्हरांड्यात तेच खोडत होते. दिवा वाईट नाही गो, तो कुणाच्या बोटीवर आहे ते बघ. आजोबांच्या साच्यांसारखंच.

मुलगी गप्प बसली, चहा थंड झाला, मग उठून आत गेली आणि मावशीला म्हणाली, मावशी, तुम्ही मला जाळं शिकवा, मी तुम्हाला काही शिकवत नाही. हे मला थोडं नाटकी वाटलं. पण मावशीने पटकन विचारलं, "रोज काय देतलंस?" आणि तो प्रश्न खरा होता. बाहेरच्याचं जाळं शिवून दिलं तर रोजची मजुरी मिळते, वर चहा. मुलीकडे मानधनाचा एक आकडा होता, तिला अनुदान देणाऱ्यांनी ठरवून दिलेला, तो त्या मजुरीपेक्षा कमी निघाला. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. घासाघीस झाली, मी मध्ये होतेच, शेवटी मजुरीएवढा रोज आणि जिथे लागेल तिथे पाटीवर मावशीचं नाव, सहाय्य म्हणून खाली बारीक अक्षरात नाही, शेजारी. नावाचं मी घातलं, मावशीला त्याचं फारसं नव्हतं. ती म्हणाली, नाव कोण वाचता, पण घाल.

आता ठरलंय ते असं. चांदीच्या सुताची दोन जाळी विणायची, एक प्लसचं, एक मायनसचं, मध्ये साध्या सुती जाळ्याचा थर आणि आरपार दिवे. मुलीचा बेत होता की जाळं जिथे फाटेल तिथे अंधार व्हावा, बघणाऱ्याने कात्रीने एक धागा कापला की एक दिवा जावा. करून बघितलं, हातभर तुकडा, एक धागा कापला, दिवा गेला नाही. अजून दोन कापले, तरी नाही. प्रत्येक गाठीत चार धागे भेटतात, एक तुटला तर करंट दुसऱ्या वाटेने फिरून येतो. मुलगी मीटर लावून बघत बसली, मावशी तिला म्हणाली, "एक धागो तुटलो म्हणान जाळा सुटता काय? मगे आमी दर्यात कशाक नेव?" त्यामुळे तो बेत रद्द झालाय, किंवा बदललाय, रोज काहीतरी वेगळं ऐकते.

सध्या दोघींचा वाद भोकांवरून चालू आहे. मुलीला बारीक भोकं हवीत, दिवे दाट बसतात, फोटोत चांगलं दिसतं. मावशी म्हणते, इतकी बारीक कित्याक, भोकां मोठी ठेव, पिल्लां भायर जाऊक होयी. मुलगी म्हणाली, अहो पण हे भिंतीवर लावायचंय, मासे कुठायत. "माका म्हायत आसा," मावशी म्हणाली, "तरीपण." आणि तिने आपल्या मापाची पट्टी घेऊन मोठ्या भोकांनी सुरुवात केलीसुद्धा. मुलीने आधी तोंड वाकडं केलं, मग हिशोब मांडला. मोठ्या भोकांना सूत निम्मं लागतं, ते बाहेरून मागवावं लागतं आणि फार महाग पडतं. तेव्हा तीही आता मोठ्याच भोकांवर आलीय, कारण वेगळं. श्रावणात बंदी उठली की मावशीला वेळ मिळणार नाही, त्याच्या आत निदान एक थर तरी संपवायचाय असं तिचं चाललंय.